कॅसेटमधली मैफल संगणकावर घेताना: दर्जा कुठे सांभाळायचा, सोय कुठे करायची

घरातल्या कॅसेटच्या खोक्यात दोन प्रकारचा ऐवज असतो. एक, कंपन्यांनी काढलेल्या नाट्यगीतांच्या, भावगीतांच्या, अभंगांच्या कॅसेट. दुसरा, घरगुती बैठकीत, देवळातल्या कीर्तनात, गणेशोत्सवात किंवा रेडिओवरून कुणीतरी स्वतः उतरवून घेतलेल्या कॅसेट. पहिल्या प्रकारातलं बरंच काही आज मूळ मास्टरवरून काढलेल्या स्वरूपात ऐकायला मिळतं, आणि ते घरच्या झिजलेल्या कॅसेटपेक्षा चांगलंच वाजतं. म्हणून आधी शोधून पाहा आणि सापडलं तर ती कॅसेट बाजूला ठेवा. श्रम घ्यायचे ते दुसऱ्या प्रकारावर. ते गाणं जगात त्या एकाच फितीवर आहे.

कामाला लागण्यापूर्वी एक गोष्ट पक्की ठरवा. कॅसेट वाजताना जो आवाज फितीवरून उचलला गेला नाही, तो नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने परत येत नाही. फाइल लहान करणं, मोबाइलवर घेणं, गाडीत वाजवणं ही सोय मात्र केव्हाही करता येते. तेव्हा फितीपासून संगणकापर्यंत तडजोड करू नका, त्यापुढे खुशाल करा. नवखे लोक नेमकं उलटं करतात: मिळेल त्या यंत्रावर कॅसेट वाजवतात आणि मग फाइलचा सॅम्पल दर (सेकंदाला आवाजाची किती मापं घ्यायची) ९६ किलोहर्ट्झ असावा की १९२ यावर खल करतात.

काय काय लागेल

सगळ्यात महत्त्वाचा भाग म्हणजे कॅसेट डेक. जुना, पण चालू स्थितीतला, लाइन-आउट (दुसऱ्या यंत्राला सिग्नल देणारं भोक) असलेला आणि शक्यतो ऑटो-रिव्हर्स (कॅसेट न उलटवता दुसरी बाजू वाजवण्याची सोय) नसलेला डेक घ्या. ऑटो-रिव्हर्समध्ये फितीवरून आवाज उचलणाऱ्या हेडचा कोन दोन्ही दिशांना अचूक राखणं अवघड जातं, त्यामुळे एक बाजू खणखणीत आणि दुसरी दबलेली असा प्रकार होतो. तसा डेक हाती असेल तर कॅसेट हाताने उलटवून दोन्ही बाजू एकाच दिशेने वाजवा. डेक नसेल तर चांगला वॉकमनही चालतो. त्याचं बास वाढवणारं बटण बंद ठेवा आणि आवाज साधारण मध्यावर.

यूएसबीला जोडायची, कॅसेटचं थेट एमपी थ्री करून देणारी स्वस्त यंत्रं मिळतात. ती टाळा. त्यांची मोटर डगमगते, त्यामुळे लांब लावलेला स्वर थरथरतो. बहुतेकांत डॉल्बी (फितीची खरखर उतरवणारी सोय) नसतं. शिवाय पहिलीच प्रत दाबलेली, म्हणजे काही भाग टाकून दिलेली निघते.

दुसरी वस्तू म्हणजे यूएसबी ऑडिओ इंटरफेस, म्हणजे डेकचा सिग्नल संगणकात नेणारं छोटं यंत्र, लाइन-इन असलेलं. लॅपटॉपच्या माइकच्या भोकात डेकची वायर घालू नका. ते भोक बहुधा मोनो, म्हणजे एकाच चॅनलचं, असतं आणि माइकच्या नाजूक सिग्नलसाठी बनवलेलं असतं, डेकचा सिग्नल तिथे फाटतो. महागडा इंटरफेस लागत नाही. १६ बिटमध्ये सुमारे ९६ डेसिबलची व्याप्ती (सगळ्यात हळू आणि सगळ्यात मोठ्या आवाजातलं अंतर) मावते आणि साध्या कॅसेटची व्याप्ती ५०-६० डेसिबलच्या आसपास संपते. २४ बिटचा फायदा इतकाच की पातळी थोडी कमी ठेवून निर्धास्त राहता येतं.

याशिवाय दोन आरसीए पिनांची वायर, ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर, कापसाच्या काड्या, ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, बारीक स्टार स्क्रूड्रायव्हर आणि बंद प्रकारचे हेडफोन.

कॅसेट तपासा, मगच वाजवा

खिडकीतून फितीच्या गुंडाळीकडे उजेडात पाहा. कडेला पांढुरकी भुकटी किंवा ठिपके दिसले तर ती बुरशी. कोकणात, मुंबईत आणि गोव्यात पावसाळे काढलेल्या कॅसेटमध्ये ती हमखास सापडते. अशी कॅसेट डेकमध्ये घालू नका, कारण बुरशी हेडला आणि तिथून पुढच्या कॅसेटला लागते. ती वेगळ्या पिशवीत ठेवा आणि सगळ्यात शेवटी, तोंडावर मास्क लावून हाताळा.

नंतर फितीमागची छोटी दाबपट्टी पाहा. उघड्या बाजूला मध्यभागी, तांब्याच्या रंगाच्या पातळ स्प्रिंगवर चिकटवलेला फेल्टचा तो तुकडा फीत हेडवर दाबून धरतो. गोंद वाळला की तो गळून पडतो. पट्टी नसेल तर आवाज येतो-जातो आणि तार स्वर नाहीसे होतात. उपाय म्हणजे कवच बदलणं. पाच स्क्रूंची एखादी बिनकामाची कॅसेट उघडून तिच्यात फितीच्या दोन्ही चकत्या उचलून ठेवायच्या. मूळ कवच स्क्रूचं नसून चिकटवलेलं असेल तर सांध्यावर पातळ पातं चालवून हळूहळू उघडावं लागतं. फीत तुटली असेल तर फितीसाठीच मिळणारी जोडपट्टी वापरा. साध्या सेलोटेपचा गोंद बाहेर ओघळतो आणि शेजारचे वेढे एकमेकांना चिकटवतो.

वर्षानुवर्षं पडून राहिलेली कॅसेट वाजवण्याआधी एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे फिरवा. वेढे मोकळे होतात आणि ताण सारखा होतो. फिरवताना कुरकुर आली किंवा ती मध्येच अडली तर जबरदस्ती नको. कवच बदलून पुन्हा पाहा. १२० मिनिटांच्या कॅसेटची फीत फार पातळ असते, ती वारंवार मागे-पुढे करू नका.

डेकची सफाई

काडीला अल्कोहोल लावून हेडचा चकाकता चेहरा आणि शेजारची धातूची बारीक दांडी पुसा. काडी तपकिरी होत राहील, ती स्वच्छ निघेपर्यंत नवी नवी घ्या. रबराच्या चाकाला अल्कोहोल वारंवार लावलं तर रबर कडक होतं. त्याला किंचित साबणाच्या पाण्याचा ओलसर कपडा पुरे, मग कोरडं पुसायचं. बुरशीची किंवा भुकटी सोडणारी कॅसेट वाजवली की लगेच पुन्हा सफाई. एरवी प्रत्येक चार-पाच कॅसेटनंतर.

हेडचा कोन: इथे घाई नको

कॅसेटची फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकते. म्हणजे १० हजार हर्ट्झच्या स्वराची एक लहर फितीवर ५ मायक्रॉनहूनही कमी जागा घेते. ही लहर उचलायची तर हेडमधली फट फितीला अगदी काटकोनात हवी. ती अर्ध्या अंशाइतकीही कलली तर फटीच्या वरच्या टोकाला एक लहर आणि खालच्या टोकाला दुसरी, असं होऊन दोन्ही एकमेकींना खोडतात. परिणाम तुम्ही ऐकलेलाच असेल: तबल्याची चाट मेली आहे, तंबोऱ्याची जवारी गेली आहे, गाणाऱ्याचे ‘स’ आणि ‘श’ सारखेच वाटतात. लोक म्हणतात फीत जुनी झाली. फीत बहुतेक वेळा ठीक असते, चुकलेला असतो तो कोन. कॅसेट ज्या यंत्रावर भरली त्याच्या हेडचा कोन वेगळा होता, एवढंच. प्रत्येक कॅसेट वेगळ्या यंत्रावर भरलेली असते, म्हणून कोन दर कॅसेटला तपासावा लागतो.

हेडच्या दोन्ही बाजूंना एकेक स्क्रू असतो. ज्याच्याखाली स्प्रिंग असते, बहुधा डावीकडचा, तो कोनाचा. मूळ जागा मार्करने खूण करून ठेवा. डेकच्या दाराचं प्लास्टिक झाकण बहुतेक डेकांत वर सरकवून निघतं. कॅसेट चालू ठेवा, अँप्लिफायरला मोनोचं बटण असेल तर दाबा, हेडफोन लावा आणि स्क्रू अगदी थोडा, एक अष्टमांश फेऱ्याहून जास्त नाही, दोन्हीकडे फिरवून पाहा. एका जागी खरखरही सगळ्यात तीक्ष्ण होते आणि गाणंही उघडतं. तीच जागा. मोनोत हा फरक फार ठळक कळतो, कारण कोन चुकला की डावा-उजवा सिग्नल एकमेकांना मारतात. मोनोचं बटण नसेल तर दहा सेकंद ध्वनिमुद्रित करून ऑडॅसिटीत आलेख खूप मोठा करून पाहा. मोनो यंत्रावर भरलेल्या कॅसेटमध्ये डाव्या आणि उजव्या आलेखाची शिखरं एकाखाली एक यायला हवीत. पुढे-मागे असतील तर कोन चुकलेला आहे.

एक अपवाद. मध्यम लहरींवरच्या आकाशवाणी कार्यक्रमावरून भरलेल्या कॅसेटमध्ये मुळातच तार पट्टी (आवाजातला सगळ्यात उंच कंपनांचा भाग) फारशी नसते. तिथे गाण्यापेक्षा खरखरीकडे कान द्या, ती तीक्ष्ण झाली की थांबा.

डॉल्बी लावायचं की नाही

कोन बसवल्याशिवाय याचा निर्णय घेऊ नका. तार पट्टी आधीच दबलेली असेल तर डॉल्बी तिला आणखी दाबतं आणि मग चूक डॉल्बीची वाटते. कॅसेटवर किंवा वेष्टनावर एकमेकांकडे तोंड केलेल्या दोन ‘डी’ची खूण असेल तर डॉल्बी बी लावून वाजवा; ‘सी’ असं लिहिलेलं असेल तरच सी. बी तार पट्टीतली खरखर साधारण १० डेसिबलने उतरवतं, सी साधारण २० डेसिबलने. साध्या टेपरेकॉर्डरवर भरलेल्या घरगुती मैफलींत डॉल्बी नसतंच, तिथे ते बंद. खूण नसेल आणि शंका असेल तर बंदच ठेवून उतरवा. डॉल्बी चुकून लावून उतरवलेल्या फाइलमध्ये जे दबलं ते नीट सुटत नाही. टेपच्या प्रकाराचं बटण डेकवर असेल तर साध्या फितीसाठी ‘नॉर्मल’, क्रोमसाठी ‘क्रोम’.

गती आणि पट्टी

डेकचा रबरी बेल्ट सैल झाला की गती उतरते किंवा डुलते. डुलणं लांब आकारात लगेच जाणवतं, त्याला नवा बेल्ट हाच उपाय. सरसकट हळू किंवा जलद वाजत असेल तर मात्र नंतर दुरुस्त करता येतं, फक्त किती ते ओळखलं पाहिजे. गतीत सुमारे ६ टक्क्यांचा फरक म्हणजे बरोबर अर्धा स्वर, काळी चारची पांढरी पाच होणं.

साथीला पेटी असेल तर तीच मापपट्टी. तिचे सूर ठरलेल्या पट्ट्यांतून बाहेर जात नाहीत. आजच्या पेटीशेजारी कॅसेट वाजवा. षड्ज पांढरी चार आणि काळी तीन यांच्या बरोबर अधेमध्ये पडत असेल तर भरताना किंवा वाजवताना गती चुकली आहे, असं समजायला जागा आहे. जुन्या पेट्या थोड्या वर-खाली लावलेल्या असत, तेव्हा पाव स्वराच्या आतला फरक तसाच सोडा. त्याच गायकाचं दुसरं मुद्रण असेल तर त्याची पट्टी ताडून पाहा. दुरुस्ती नेहमी गती बदलून करा, म्हणजे लय आणि पट्टी दोन्ही एकत्र सरकतील. नुसती पट्टी सरकवणारा परिणाम लावलात तर लय खोटी राहते आणि आवाजाला धातूसारखी किनार येते. आणि हे सगळं प्रतीवर करायचं, मूळ फाइलवर नाही.

प्रत्यक्ष ध्वनिमुद्रण

डेकच्या लाइन-आउटमधून वायर इंटरफेसच्या लाइन-इनमध्ये. संगणकाच्या ध्वनी सेटिंगमधले ‘एन्हान्समेंट’ आणि आपोआप पातळी सांभाळणारे पर्याय सगळे बंद करा. ते चालू राहिले तर विलंबितातल्या शांत जागांत खरखर फुगते आणि तान आली की आवाज आत ओढला जातो. सॅम्पल दर ऑडॅसिटीत आणि संगणकाच्या सेटिंगमध्ये एकच ठेवा, ४४.१ किंवा ४८ किलोहर्ट्झ. ९६ने काही मिळत नाही. साध्या फितीवर १५ किलोहर्ट्झच्या पुढे खरखरीशिवाय फारसं काही नसतं, आणि फाइल दुप्पट होते.

पातळी ठरवायला कॅसेटमधला सगळ्यात जोरकस भाग शोधा. गाण्यात तो बहुधा द्रुताच्या शेवटी असतो, घरगुती मैफलीत मात्र अनेकदा टाळ्यांचा. माइकजवळ बसलेल्याची टाळी तिहाईपेक्षा मोठी असते. त्या जागी मीटर उणे ६ डेसिबलच्या आसपास राहील असं करा. शून्याला टेकलं की आलेखाचे शेंडे सपाट कापले जातात आणि ते जुळत नाहीत.

कॅसेट न लावता एकदा ऐका. खोल घुंऽ असा आवाज असेल तर तो ५० हर्ट्झच्या विजेचा. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा, निम्म्या वेळा तेवढ्यानेच जातो. नाहीतर डेक आणि संगणक विजेच्या एकाच प्लगपट्टीवर जोडा, आणि ऑडिओची वायर विजेच्या वायरीपासून लांब न्या.

मग मुद्रण सुरू करा आणि त्यानंतर डेकचं प्ले दाबा. गाणं सुरू होण्याआधीची कोरी फीतही मुद्रित झाली पाहिजे. त्या काही सेकंदांचं मोल पुढे कळेल. ९० मिनिटांच्या कॅसेटला ९० मिनिटंच लागतात. दुप्पट वेगाने वाजवून नंतर हळू करण्याच्या युक्तीत तार पट्टी जाते. एक बाजू एका फाइलमध्ये, अखंड. मधे थांबू नका. संगणकाची झोप बंद ठेवा.

मूळ प्रत कशात ठेवायची

४८ किलोहर्ट्झ, २४ बिट स्टिरिओचं एक मिनिट सुमारे १७ एमबी, म्हणजे ९० मिनिटांची कॅसेट साधारण दीड जीबी. १६ बिट, ४४.१ला तीच सुमारे ९५० एमबी. हे वेव्ह, म्हणजे न दाबलेल्या फाइलचे आकडे. मूळ प्रत फ्लॅकमध्ये ठेवा. फ्लॅकमध्ये एकही बिट न गमावता फाइल लहान होते, कलाकार, राग, ताल, तारीख ही माहिती आतच साठवता येते, आणि फाइल बिघडली आहे का हे तपासण्याची सोय तिच्यातच असते. खरखर जितकी जास्त तितका आकार कमी घटतो, कारण खरखरीला आकृतिबंध नसतो. तेव्हा घरगुती कॅसेटचं फ्लॅक मोठं निघालं तर नवल नको.

मूळ प्रतीवर काहीही प्रक्रिया करायची नाही. खरखर काढायची नाही, आवाज वाढवायचा नाही, दोन बाजू जोडायच्या नाहीत. कॅसेट मोनो यंत्रावर भरलेली असेल तरी दोन्ही चॅनल ठेवा.

ऐकण्याची प्रत

आता सोय. मूळ प्रतीची नक्कल घ्या आणि तिच्यावर काम करा.

मोनो मुद्रण असेल तर डावं-उजवं ऐकून जे स्वच्छ आहे ते एकच ठेवा. कोन तंतोतंत बसला असेल तरच दोन्ही मिसळा, नाहीतर आवाज पोकळ होतो.

खरखर काढण्याबद्दल नीट वाचा, कारण शास्त्रीय गाण्याची सर्वाधिक हानी इथे होते. ऑडॅसिटीच्या नॉइज रिडक्शनला आधी नुसत्या खरखरीचा नमुना दाखवावा लागतो. नवखा माणूस गायक थांबला आहे अशी जागा निवडतो, पण तिथे तंबोरा चालू असतो. सॉफ्टवेअर तंबोऱ्यालाच खरखर समजतं आणि संपूर्ण मैफलीतून षड्ज-पंचम पुसून टाकतं. गायकाच्या स्वरातला त्या जागेचा भागही जातो आणि आवाज पाण्याखालून आल्यासारखा बुडबुडतो. नमुना घ्यायचा तो गाणं सुरू होण्याआधीच्या कोऱ्या फितीचा, दोन-तीन सेकंद. म्हणून ती आधी मुद्रित करायला सांगितलं. घट ६ डेसिबल ठेवा, फार तर ८. ‘रेसिड्यू’ हा पर्याय निवडून काय काढलं जातं आहे ते ऐका. त्यात स्वराचा मागमूस लागला तर घट कमी करा. थोडी खरखर राहू द्या. कान दोन मिनिटांत तिला विसरतो, मेलेली जवारी मात्र शेवटपर्यंत खुपते.

तुकडे करताना विलंबित आणि द्रुत एकत्रच ठेवा. एमपी थ्रीच्या रचनेत फाइलच्या सुरुवातीला आणि शेवटी किंचित रिकामी जागा पडते. बरीच यंत्रं ती वाजवतात आणि नेमका समेवर खड्डा जाणवतो. बाजू उलटताना जो भाग मुद्रितच झाला नाही, तिथे जोडकाम करून फसवी समग्रता आणू नका. दोन सेकंद शांतता ठेवा.

मोबाइलसाठी एएसी (एमपी थ्रीसारखाच दाबलेला प्रकार) २५६ केबीपीएस पुरेसं आहे, ९० मिनिटांचे साधारण १७० एमबी. गाडीतल्या जुन्या यंत्रांना फ्लॅक आणि कधी एएसीही कळत नाही, त्यांच्यासाठी एमपी थ्री ३२०, सुमारे २१५ एमबी. मोनो मैफलीला एमपी थ्री १२८ मोनो चालतं, कारण सगळे बिट एकाच चॅनलला मिळतात. तेच १२८ स्टिरिओला लावलं तर मंजिरी आणि टाळ विस्कटतात. ब्लूटूथवर आवाज पुन्हा एकदा दाबला जातो, त्यामुळे तिथे फ्लॅक आणि चांगलं एएसी यांत फरक शोधत बसू नका. आधीच एमपी थ्री झालेल्या फाइलचं फ्लॅक करून काही परत येत नाही, फक्त जागा जाते. नातेवाइकांना व्हॉट्सअॅपवर पाठवायचं तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फाइल जशीच्या तशी पोहोचते.

फाइलच्या नावात वर्ष आधी, मग कलाकार, राग, कॅसेटचा क्रमांक आणि बाजू. वर्ष पक्कं नसेल तर ते लिहूच नका. वेष्टनावर हाताने लिहिलेला मजकूर असतो, त्याचा दोन्ही बाजूंनी फोटो काढून त्याच फोल्डरमध्ये टाका. तबल्याला कोण, पेटीवर कोण, बैठक कुणाच्या घरी, हे पुष्कळदा फक्त तिथेच असतं. घरातल्या वडीलधाऱ्यांना ऐकवून नावं आत्ताच विचारून घ्या.

मूळ फ्लॅकच्या तीन प्रती करा: एक संगणकावर, एक वेगळ्या हार्ड डिस्कवर, एक घराबाहेर, भावंडाकडे किंवा क्लाउडवर. घरी लिहिलेल्या सीडीवर भिस्त ठेवू नका, तिचा रंगाचा थर उतरत जातो. वर्षातून एकदा डिस्क जोडून फाइल तपासा.

कॅसेट फेकू नका. पुढे अधिक चांगला डेक हाती आला तर पुन्हा उतरवता येईल. कॅसेट पूर्ण एका बाजूला गुंडाळून, वेष्टनात उभ्या ठेवा, सिलिका जेलच्या पुडीसह बंद डब्यात, स्पीकरच्या चुंबकापासून लांब. पुडी दर पावसाळ्यानंतर बदला. आणि कवचाच्या वरच्या कडेला असलेल्या दोन छोट्या प्लास्टिकच्या खुंट्या आजच मोडून टाका, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी गाण्यावर काही भरलं जाणार नाही.